सोनाआक्काची अर्धी भाकरी

सोनाआक्काचा फ्लेक्स एसटी स्टँडच्या तोंडाशीच लावला होता. मी भाजीला गेले होते, खाली उभी राहून सगळा वाचला. ‘वात्सल्यमूर्ती माउलीस भावपूर्ण श्रद्धांजली.’ त्याखाली ‘शोकाकुल’ म्हणून गॉगल घातलेल्या पोरांची रांग. त्यांतल्या निम्म्यांना तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं असतं तर दारात उभं केलं नसतं. तेही चाललं असतं. पण फोटोत तिचे दात पांढरे केले होते. टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या बाईसारखे.

मला किळस आली. मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. नका बोलू. पण दात कशाला धुताय? ते पांढरे केल्यावर उरलं काय, तर लुगडं आणि डोक्यावरचा पदर. तसल्या म्हाताऱ्या प्रत्येक फ्लेक्सवर असतात.

सोनाआक्का माझी थोरली जाऊ. माझं माहेर कडेगावकडचं. लग्न होऊन रहिमतपूरजवळच्या या गावात आले तेव्हा सासूबाई वारलेल्या होत्या आणि वाढण्याचा पळा आक्काच्या हातात आला होता. तो तिने पुढे पन्नासेक वर्षं सोडला नाही. पुढे वाटण्या झाल्या, आमच्या घरांमध्ये भिंत आली, माझी चूल वेगळी झाली, तरी भिंतीवरून तिचा आवाज यायचा, “हौसे, काय शिजतंय गं एवढं? लगीन हाय काय?”

तिचे खरे दात हिरडीशी तपकिरी, मधे काळे आणि टोकाला झिजलेले होते. मिश्रीचे दात. तंबाखू तव्यावर जाळायची, कुटायची, फडक्यातून गाळायची आणि ती काळी पूड बोटावर घेऊन दातांवर घासत बसायचं, ही आमच्याकडच्या बायकांची चैन. बाकीच्या बायका दारामागे बसून लावायच्या. आक्का उंबऱ्यावर बसायची. सकाळी उठली की, दुपारी भांडी झाली की, आणि कुणाशी भांडण झालं की. एका हातात पत्र्याची डबी, दुसऱ्या हाताचं बोट तोंडात. बोलायचं असलं की मान वळवून पिचकारी टाकायची. शेवग्याच्या बुंध्याशी थुंकून थुंकून तिने माती काळी केली होती. त्या शेवग्याच्या शेंगा मी कधी खाल्ल्या नाहीत.

सगळ्यात वाईट म्हणजे तवा. ज्या तव्यावर सकाळी भाकरी, त्याच तव्यावर दुपारी मिश्री. घरभर ठसका. पोरं खोकून बेजार, डोळ्यांना धार, आणि दुसऱ्या दिवशी भाकरीच्या पहिल्या घासाला तोच वास.

“आवं आक्का, तवा तरी येगळा ठिवा,” मी नवी असतानाच म्हणाले होते.

“का? तवा बाटतोय व्हय? जाळावर सगळं शुद्द हुतंय.”

ती स्वतः अर्धी भाकरी खायची. पूर्ण भाकरी तिच्या ताटात मी पाहिली नाही. भाकरी हातात घ्यायची, बरोबर मधून मोडायची, एक अर्धी पुन्हा दुरडीत फडक्याखाली सरकवायची. दिवसभर खुरपं चालवून आली तरी अर्धीच. कुणी म्हणालं, “आक्का, पोट भरलं का?” तर म्हणायची, “भरायला ते काय पोतं हाय?”

तिने स्वतः कमी खाल्लं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण गावात एखादी पोरगी गरोदर राहिली की तिची सासू तिला घेऊन आक्काकडे यायची. आक्का सुईण नव्हती. सुईणीचं काम बाळंत होताना, आक्काचं त्याच्या आधी. पोरीला समोर उभं करून ती पोटाकडे बघायची, मग तोंडाकडे, मग सासूला सांगायची, “अर्दी भाकरी. सातवा लागला की चतकोर. दूद न्हाई, केळं न्हाई. भाकरी वर चढली की पोर खाली उतरत न्हाई.” पोरगी रडवेली झाली की डबी पुढे करायची. “भूक लागली की हे लाव. मळमळबी जाती आन भूकबी मरती.”

भूक मरायची, हे खरं. मी एकदा लावून पाहिली. डोकं गरगरलं, चुलीपाशीच ओकले. पुन्हा त्या डबीला हात लावला नाही. पण बहुतेक पोरी लावायच्या, कारण दुसरं काही हाताला लागत नव्हतं. मग त्यांना बारकी बारकी पोरं व्हायची, मांजराच्या पिलांसारखी, कातडी सुरकुतलेली, आणि सुटकाही बऱ्याच जणींची लवकर व्हायची. झालं. सासवा आक्काच्या पाया पडायला यायच्या. ज्यांची पोरं आठवड्यात गेली त्या येत नसत. त्यांचं कुणी बोलत नसे.

मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हाची गोष्ट. त्याच वेळी गोठ्यात गाय गाभण होती. गाय गाभण राहिली की आक्का दुसरीच बाई व्हायची. तिला सकाळ-संध्याकाळ शेंगपेंड भिजवून, वर गुळाचा खडा फोडून घालायची. गळ्याखाली खाजवत बोलायची, “खा गं बाय, खा. दोन जिवांची हायस.” हे मी चतकोर भाकरी खाऊन ऐकायची. मी काय केलं, पाटीत हात घातला आणि गुळाची पेंड खाल्ली. चांगली लागते. मला त्याची लाज तेव्हाही वाटली नाही, आजही वाटत नाही. असंच एकदा आक्काने मला पकडलं.

“आगं, ती गाईची हाय!”

“गाय गाभण हाय म्हनूनच देताय न्हवं?” मी तोंडात घास तसाच ठेवून म्हणाले. “मंग मीबी हाय की.”

“गाईचं पोट केवडं, तुजं केवडं! गाईचं वासरू अडलं तर चार गडी दोरी बांदून वडत्यात. तुजं कोन वडनार?”

मला हसू आलं. तिला आलं नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला तेव्हा वाटलं, पेंड गेली म्हणून.

गाय व्यायली की तिच्या पहिल्या चिकाचा खरवस व्हायचा, वेलदोडा घालून, शेजारीपाजारी वाट्या जायच्या. आणि घरातली बाई बाळंत झाली की तिचं पहिलं घट्ट दूध आक्का नासकं म्हणून पिळून टाकायला लावायची, पोराला गुळाचं पाणी चाटवायची. गाईचा चीक औषध आणि बाईचा चीक घाण. ही अक्कल एकट्या आक्काची नव्हती, सगळ्या गावाची होती. पण गावाला तोंड नसतं, आक्काला होतं.

तिचा विलास माझ्यासमोर झाला. दुष्काळ सरला होता, घरात ज्वारी होती. तरी आक्का शेवटच्या महिन्यात मिश्री आणि चतकोर भाकरीवर होती. सकाळी खुरपायला गेली, दुपारी पोटात कळ आली म्हणून परत आली, आणि सुईण पोहोचायच्या आत पोरगं बाहेर. रडायलाही त्याच्यात जीव नव्हता. सुईणीने पाठीवर चापट्या मारल्या तेव्हा कसं तरी चुंईं केलं. आक्का मात्र बाजेवर बसून येईल त्या बाईला मूठ वळून दाखवायची. “एवडा! मुठीएवडा! दोन कळा आल्या आन तिसरीला बाहेर.” लोक उसाचं पेर केवढं झालं ते हात पसरून सांगतात. ही बाई पोर केवढं लहान झालं ते मूठ आवळून सांगायची. पुढे जन्मभर सांगितलं. विलासच्या लग्नात व्याह्यांनासुद्धा सांगितलं.

विलास वाढला. शाळेत सगळ्यांत बारीक, हाडं मोजून घ्यावीत असा. मग साखर कारखान्यात वजनकाट्यावर लागला. बसून काम, वर चहा-भजी, वर तंबाखूचा मावा. तिशीत पोट सुटलं. हात-पाय काटक्या आणि मधे घागर. आक्काला आनंद. “पोरगं बाळसं धरतंय,” म्हणायची. तिशीच्या पुरुषाला बाळसं!

पन्नाशीही आली नव्हती. हंगाम चालू होता, काट्यावर ट्रॅक्टर उभा होता आणि हा खुर्चीतून खाली आला. घामाने भिजलेला. ट्रॅक्टरवाल्यांनीच गाडीत घालून मिरजेला नेला. आम्ही रेल्वेने मागून गेलो, मी, आक्का आणि विलासची बायको मंगल. सगळ्या वाटेने आक्काचं चालू होतं, “नजर लागली. कारखान्यातल्या कुणाची तरी नजर लागली.” डब्यातली एक बाई मान डोलावून म्हणाली, टेन्शनने होतं असं. मी खिडकीबाहेर बघत बसले.

त्याच्या काळजाच्या नळीत जाळी घातली. दोन-तीन दिवसांनी आम्हाला खाटेजवळ बसू दिलं. डॉक्टरीण तरुण होती, शांत बोलणारी. सगळं विचारून झालं, बाप कशाने गेला, साखर आहे का, तंबाखू किती. मग तिने आक्काकडे वळून विचारलं, “आजी, हे जन्मले तेव्हा वजन किती होतं, काही आठवतं?”

मंगल माझ्याकडे बघायला लागली. हृदयाच्या दवाखान्यात बाळंतपणाची चौकशी! आक्का मात्र खुलली. इतके दिवस तिला तिथे कुणी काही विचारलं नव्हतं.

“वजन कुटलं, बाई? उसाची मोळी हाय व्हय काट्यावर घालायला! पर एवडा हुता बगा.” तिने मूठ वळली. “मुठीएवडा. दोन कळा, आन तिसरीला बाहेर.”

“आणि पोटात होते तेव्हा तुम्ही काय खायचात?”

“अर्दी भाकरी,” आक्का म्हणाली. “शेवटाला चतकोर. आन मिश्री. मजी डॉक्टर लागला न्हाई कवा.”

डॉक्टरीण विलासच्या खाटेकडे वळली. मग तिने विलासलाच सांगितलं, आम्हाला कळेल असं. आईच्या पोटात बाळाला कमी पडलं की ते आधी मेंदूला पुरवतं. राहिलेल्यात बाकीच्यांचं भागवायचं. रक्ताच्या नळ्या, मूत्रपिंड, काळीज यांना जेमतेम मिळतं. पोर जगतं, पळतं, कुणाला काही कळत नाही. पण कमीत भागवायची सवय लागलेल्या त्या शरीरावर पुढे सुकाळ आला, पोट सुटलं, की ते त्याला झेपत नाही. रक्तदाब वाढतो, साखर वाढते, नळ्या तुंबतात. “सगळ्यांनाच होतं असं नाही,” ती म्हणाली. “आणि तुमच्या बाबतीत हे एकच कारण, असंही मी म्हणत नाही. पण जन्मतः खूप लहान असलेल्यांनी जास्त जपायला हवं.”

विलास पडल्या पडल्या म्हणाला, “म्हंजे मॅडम, गाडीत मालच कमी भरून पाठवली म्हना की.”

“तसं म्हणा. पण तंबाखू तुम्ही स्वतः भरलीत. त्याचं खापर आईवर फोडू नका.”

मला ती डॉक्टरीण आवडली. आक्काला नाही आवडली. बाहेर आल्या आल्या म्हणाली, “कालची पोर. हिला तरी एक झालंय का?” आणि कमरेची डबी काढून, तिथेच जिन्याच्या कुंडीत थुंकली. दवाखान्याच्या कुंडीत. झाडूवाली बाई ओरडली. मी म्हणाले, “माझी कोन न्हाई ही,” आणि पुढे चालू लागले.

घरी आल्यावर विलासला पथ्य. मीठ कमी, तेल-तूप कमी, चालायचं, वजन उतरवायचं. आणि आक्का त्याच्यामागे वाटी घेऊन. “पोरगं वाळलं.” शिरा काय, साजूक तूप काय, बुंदीचा लाडू काय. ज्याने कमी खायचं त्याला ही कोंबत होती.

आणि ज्या पोरीने खायचं, तिला काय मिळत होतं? विलासचा मुलगा अमोल मिलिटरीत. त्याची बायको स्वाती आटपाडीकडची. आमची मूळ घरं मेंढरंवाल्यांचीच. आम्ही शेतीला बसलो, तिच्या बापाची मेंढरं अजून आहेत. अंगापिंडाने भरलेली, खळखळून हसणारी पोरगी आली होती. तिला दिवस गेले आणि आक्काने पळा घट्ट धरला. अर्धी भाकरी. मंगल सासूपुढे तोंड उघडणारी नव्हती. तिनेही तीन वेळा चतकोरावर दिवस काढलेले, त्यातला एकटा अमोल राहिला. सरकारी दवाखान्याची आशाताई दर महिन्याला यायची, काट्यावर उभी करायची, म्हणायची, “वजन वाढंना झालंय. खायला घाला हिला.” आक्का म्हणायची, “वाढलं की अडतंय.”

मी भिंतीपलीकडून स्वातीला बोलावलं. शेंगदाण्याचा लाडू हातावर ठेवला. तिने घेतला आणि तसाच धरून बसली.

“खा की.”

“भूकच लागत न्हाई आजी आता.”

लाडू धरलेल्या हाताचं पहिलं बोट नखापर्यंत काळं होतं. ते बघून मला संताप आला. मी पन्नास वर्षांपूर्वी चुलीपाशी ओकले होते, ते आठवून नव्हे. मिरजेहून आल्यावर, सगळं कानांनी ऐकून आल्यावर, त्या बाईने पुन्हा तीच डबी पुढच्या पिढीच्या हातात दिली होती, म्हणून.

मी आक्काला सांगायला गेले, तर ती म्हणाली, “तुज्या सुनंला काय घालायचं ते घाल. माज्या घरात नगं.” मग मी विलासला गाठलं. तो पायरीवर बसला होता. त्याला पोरीचं बोट सांगितलं. त्याने मान वळवून पिचकारी टाकली. गालात मावा होता. दवाखान्यातून आल्यावरही चोरून खात होता, गाढव.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. अंगणात मांडव, झोपाळ्याला झेंडूच्या माळा, स्वातीला फुलांची वाडी, हिरवी साडी. अमोल फोनमध्ये, कुठल्या तरी डोंगरावर टोपी घालून हसतोय. पुढे चौरंगावर ताट, पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडया, मसालेभात, बाजूला तुपाची वाटी. सगळ्या बायकांनी ओटी भरली, सगळ्यांनी ताटासकट फोटो काढले. आणि आक्का उठून म्हणाली, “झाला फोटू. उचला ताट. हिला वाईच आमटी-भात आना.”

आमच्यात हे नवं नव्हतं. ताट बघायचं असतं. पण त्या दिवशी स्वातीचा बाप आला होता, डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं. तो आल्यापासून पोरीच्या मनगटाकडे बघत होता. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

“आक्का,” तो म्हणाला, “आमच्यात गाभन मेंढीला येगळं सोडत्यात, हिरव्या रानात. माजी पोरगी दिली तवा भरल्याली हुती.”

“मेंढरू आन बाई एकच हाय व्हय, पावणं?”

“न्हाई न्हवं. म्हनून तर मेंढीपरीस जास्त घाला म्हंतोय.”

काही बायका हसल्या. आक्काने ताट उचललंच. तेवढ्यात विलास पुढे आला आणि त्याने ताटाची दुसरी कड धरली.

“आये, सोड.”

“तू बस. तुला शिरा काडून ठिवलाय.”

“मला नगं शिरा. मला घालायचा तवा घातला न्हाईस. आता घालून काय उपेग? तवाचा माजा वाटा हिला घाल.”

मांडवात कुणी हलेना. फोनमधून अमोल विचारत होता, “क्या हुआ? काय झालं? आवाज येईना.” आक्काने ताट सोडलं नाही आणि विलासनेही नाही. आमटी हिंदकळून दोघांच्या हातांवर सांडली. शेवटी म्हातारीचा हात सुटला. विलासने ताट चौरंगावर ठेवलं. मग आईच्या कमरेची डबी ओढून काढली, स्वतःच्या खिशातली माव्याची पुडी काढली, आणि दोन्ही उकिरड्यावर भिरकावली.

“ही तुजी, ही माजी. पोरी, तू खा.”

स्वातीने आधी सगळ्यांकडे पाहिलं. मग पोळीचा एक तुकडा मोडला. बराच वेळ चावला. मग दुसरा. मग पोळी दुमडून तोंडात घातली, भजं घातलं, तूप बोटाने पुसून घेतलं. फुलांची वाडी कानावर घसरली तरी थांबली नाही. तिचा बाप तोंड फिरवून उभा राहिला. मी मंगलला म्हणाले, “बगतीस काय? पोळी आन अजून.”

आक्का मांडवात नव्हती. ती गोठ्यात गाईच्या मागे बसली होती, बोट तोंडात, पण बोटावर काही नव्हतं. माझी चाहूल लागली तशी न वळता बोलायला लागली.

“माजी आय तिच्या भावाच्या लग्नाला म्हायेरी गेलीवती. पोटुशी. तितं लय खाल्लं. सगळी म्हनायची, लय खाल्लं. घरी आली आन पोर अडलं. हात बाहेर आला, बाकी येईना. गाडी जुपून रहिमतपूरला न्यायला काडली. मी गाडीत पायापाशी बसलीवते. पाय गार पडत गेलं. मला कळंना, मी आपली पदरानं झाकत बसले.”

“आक्का, आडवं पोर भाकरीनं आडवं येत न्हाई.”

“तू हुतीस का तितं?”

“न्हवते.”

“मंग गप.”

आता कुणी म्हणेल, ते ऐकून माझा राग गेला असेल. नाही गेला. वाईट वाटलं, त्या गाडीतल्या बाईचं. पायापाशी बसलेल्या पोरीचंही वाटलं. पण ती पोरगी पुढे मोठी झाली आणि तिने आपल्या एकटीची भीती गावाला शहाणपण म्हणून वाटली. रस्ते आले, गाड्या आल्या, फोन केला की दारात ॲम्ब्युलन्स येते, तरी ही आपली त्याच बैलगाडीत बसलेली, आणि बाकीच्यांना उपाशी ठेवून त्याच गाडीत ओढणारी.

त्या दिवसानंतर मंगलने पळा हातात घेतला. आक्का उंबऱ्यावर बसून राहिली. नवी डबी तिने आणवली, पण स्वातीपुढे पुन्हा केली नाही. स्वातीचं बोट हळूहळू स्वच्छ झालं. शेवटच्या महिन्यात आशाताई काट्याकडे बघून हसली.

बाळंतपण साताऱ्याला झालं. कळा लांबल्या. आक्का हट्टाने आली होती आणि बाहेरच्या बाकावर पाय पोटाशी घेऊन पुटपुटत होती, “अडलं. बग, अडलं. मी सांगत हुते.” मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. ऊन कलल्यावर मुलगा झाला. असा रडला की बाहेरचे वॉचमनसुद्धा वळून बघायला लागले. नर्सने वजन सांगितलं तसा विलास म्हणाला, “भरून आली गाडी, आये. काटा दनका खाऊन हालला.”

आम्हाला आत सोडलं. सगळ्या बाळाकडे धावल्या. आक्का बाळाकडे गेली नाही. ती खाटेच्या पायथ्याशी गेली, चादर वर केली, आणि स्वातीच्या पायाला हात लावून पाहिला. दोन्ही पायांना. मग चादर नीट केली. मग पाळण्यात वाकून म्हणाली, “आगं आई, केवडा हा म्हैशीचा रेडा!” आणि तोंडाला पदर लावून मागे झाली. काळे दात दिसू नयेत म्हणून पदर लावणारी ती बाई नव्हती. कशाला लावला मला माहीत नाही. विचारलं नाही.

ती जायच्या आधीचे काही महिने तिचं डोकं ठिकाणावर नव्हतं. मोरीत पाय घसरून पडली, अंथरुणाला खिळली, आणि मागचं-पुढचं एक झालं. मला कधी हौसा म्हणायची, कधी आत्या, म्हणजे आमच्या सासूबाई. विलासला ओळखायची नाही. मग तिने खाणं सोडलं. मंगल भरवायला गेली की ओठ मिटून घ्यायची, मान फिरवायची, हात झटकायची. डॉक्टर येऊन सुई देऊन गेला. मीही एक दिवस वाटी घेऊन बसले.

“आक्का, आ करा.”

“नगं.”

“का? कडू लागतंय?”

तिने माझा हात धरला. एवढ्याशा हाडांत एवढा जोर कुठून आला कळेना. “लय घालू नका, आत्या,” ती म्हणाली. “पोर थोरलं हुईल. मी मरीन.”

ऐंशीच्या घरातली बाई. पोट पाठीला लागलेलं. त्या पोटावर एक हात घट्ट धरलेला. तोंडाला तोच मिश्रीचा वास. मी वाटी खाली ठेवली. माझी तिच्यावरची चीड होती ती तशीच होती, पण ती ठेवायची कुठे ते कळेना, कारण समोर आक्का नव्हतीच, एक पोटुशी पोरगी भिऊन पडली होती.

स्वाती दारातून बघत होती. कडेवर पोरगा, गलेलठ्ठ, तिला पेलवत नव्हता. तिने त्याला खाली ठेवलं. तो रांगत येऊन आक्काच्या ताटलीवर चमच्याने बडवायला लागला. स्वाती माझ्या शेजारी बसली, वाटी उचलली, आणि आक्काच्या कानाशी वाकली.

“सुटलात तुमी,” ती म्हणाली. “झालं बाळंतपन. कवाच झालं. मुलगा हाय.”

आक्काने डोळे उघडले. पोटावरच्या हाताने चाचपून पाहिलं. पोट सपाट होतं.

“केवडा हाय?”

ताटली बडवणाऱ्या त्या रेड्याकडे स्वातीने एकदा पाहिलं. मग आपली मूठ वळून तिच्या डोळ्यांसमोर धरली.

“एवडा.”

“मुठीएवडा?”

“मुठीएवडा. दोन कळांत आला. आता खावा.”

तेव्हा आक्काने तोंड उघडलं. ते काळे, झिजलेले दात. स्वातीने भाकरी दुधात कुस्करली होती, एक घास दिला, दुसरा दिला. वाटी संपली तशी आक्का म्हणाली, “अजून हाय का?” स्वातीने अर्धी भाकरी आणखी कुस्करली. आक्काने तीही खाल्ली.